गुलाबी थेंब

४ ऑगस्ट

मणक्यात गाठ. कॅन्सरच असणार म्हणे — पण सुई घालून तुकडा काढायचा तर दादाला ते झेपणार नाही. मणक्यांचे डॉक्टर हे सगळं मोबाईलकडे बघत बोलले. वहिनींनी एवढंच विचारलं, "मग घरी नेऊ का?" मला तिथेच रडू फुटलं. दादा आत नर्सला सांगत होता, "माझी बहीणही डॉक्टर आहे. तिचे पेशंट मात्र कधी तक्रार करत नाहीत!"

६ ऑगस्ट

संध्याकाळी ताप, पहाटे घाम. कुशीवर वळवायला आम्ही दोघी लागतो. दुपारी वहिनी त्याचं कपाट आवरायला बसल्या. "आत्तापासून?" मी ओरडलेच. मग दोघी रडत बसलो.

७ ऑगस्ट

किती मठ्ठ आहे मी! गाय गाभडली, अपुऱ्या दिवसांचं वासरू पडलं की मी आधी काय तपासते? ब्रुसेलोसिस. आणि मी आत अडकलेली वार काढताना गाय धरून कोण उभं असतं? दादाच की! माणसाला या आजारात असाच ताप येतो, मणकाही पोखरला जातो. पण औषधांनी बरा होतो. बरा! देवा, माझ्या भावाला गुरांचा आजार असू दे. कसलं हे मागणं!

डॉक्टरांना सांगितलं. "मॅडम, इथे माणसं तपासतात." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

८ ऑगस्ट

त्याचं रक्त घेऊन आमच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. नेहमीची काचेची थाळी, नेहमीची रीत — डावीकडे संशयित, उजवीकडे निरोगी. निरोगी म्हणून कुणाला शोधत बसू? माझंच रक्त काढलं. दोन्ही रक्तांवर सुटलेल्या पाण्याचा एकेक थेंब थाळीवर घेतला, त्यांत गुलाबी औषध टाकलं, ढवळलं, थाळी खिडकीशी उजेडात नेली. डावा थेंब नासलेल्या दुधासारखा फुटला! म्हणजे आजार आहे! उजवा तसाच एकसारखा. रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या पिटत होते.

वहिनींनी घट्ट मिठी मारली. कपाट पुन्हा होतं तसं लावलं. दादा दोन घास जास्त जेवला. "म्हणजे मी बैल निघालो तर!" किती दिवसांनी हसला.

९ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, आमच्या लॅबमध्ये रीतसर तपासू, मग औषधं. तपासा की!

१० ऑगस्ट

दादा बरा झाल्यावर वहिनींना समुद्र दाखवणार आहे. दोघांचं सकाळपासून तेच चाललंय.

१२ ऑगस्ट

दादाच्या रक्तात काही सापडलं नाही. लॅबने दोनदा केलं. मी आमच्याकडे पुन्हा थाळी मांडली, या वेळी नावांच्या चिठ्ठ्या लावून. त्याचा थेंब एकसारखा. माझा फुटला. त्या दिवशी खिडकीशी नेताना थाळी फिरून डावं-उजवं उलटं झालं होतं, आनंदाच्या भरात बघितलंच नाही. रोज गायींच्या वारेत हात घालणारी बाई, आणि निरोगी म्हणून स्वतःला धरते!

वहिनी दारातच उभ्या होत्या. "ताई, औषधं आणलीत?"

आणली. माझ्यासाठी.