नोटिशीचा महिना

बाबा, परवा माझी नोकरी संपली आणि मला सगळ्यात जास्त राग तुमचा आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, भांडायला समोर कोणी नाही, तरी आला. नवीन पनवेलच्या डायलिसिस सेंटरमध्ये मी नऊ वर्षं टेक्निशियन होते. एका वेळी तीन पेशंट सांभाळायचे असत, ते मॅनेजरनी पाच केले. एकाचं प्रेशर खाली जातंय, दुसऱ्याच्या मशीनचा अलार्म वाजतोय आणि मी एकटी, असं दोनदा झाल्यावर मी लेखी तक्रार दिली. "जमत नसेल तर बघा मॅडम," एवढंच उत्तर आलं. मी बघितलं. राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेशंटना सांगून टाकलं, घरच्या अडचणीमुळे मॅडम चालल्या. मी तिथेच उभी होते.

मग ठरवलं, हा नोटिशीचा महिना नुसता ढकलायचा. बरोबरची टेक्निशियन म्हणाली, "ताई, आता कशाला जीव काढतेस? सुई लाव, मशीन चालू कर, मोबाईल बघत बस." बसले. पण तेही सुखाने जमेना, कारण डोक्यात तुम्ही. पाणीखात्यातले व्हॉल्व्हमन, कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फिरवायचा ते झोपेतही सांगणारे. तुमच्या रिटायरमेंटला चार दिवस उरले होते आणि आईचं पोटाचं ऑपरेशन होतं. मी एकोणीस वर्षांची. त्या सकाळी तुम्ही सायकल काढून कामावर गेलात. नव्या माणसाला गल्ल्या ठाऊक नाहीत, टोकाच्या घरांना पाणी पोचणार नाही, हे तुमचं कारण. संमतीच्या कागदावर मी सही केली. आत नेताना आईने विचारलं, "आले का गं ते?" मी म्हटलं, येतायत. तुम्ही दुपारी आलात, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटने, आणि ती कशी आहे हे विचारायच्या आधी म्हणालात, "टोकापर्यंत पानी गेला." चार दिवसांनी ऑफिसने सत्कार केला. शालीबरोबर फ्रेम दिली, तिच्यावर तुमचं नाव चुकीचं छापलेलं. तुम्ही ती फ्रेम बाहेरच्या खोलीत खिळा ठोकून लावलीत! आल्यागेल्याला दाखवायचात. मला ती फोडून टाकावीशी वाटायची. आई बरी झाली, ती कधी एक शब्द बोलली नाही. धरून ठेवलं ते मी.

नोटिशीचा दुसरा आठवडा. रोडपालीच्या एक आजी सात वर्षं माझ्याकडे येतात, आठवड्यातून तीनदा. डायलिसिसवाल्यांच्या हातातली एक शीर ऑपरेशन करून फुगवलेली असते, तिच्यात दोन जाड सुया घालायच्या. आजींची शीर वाकडी आहे, बोटाने चाचपून, थोडं तिरकं जावं लागतं. त्या दिवशी मी चाचपलं नाही. मॅनेजर पलीकडे कोणाशी तरी हसत होते, माझं लक्ष तिकडे. सुई शिरेच्या आरपार गेली. बघता बघता हात निळा पडून टम्म सुजला. मी बर्फ धरून दाबून बसले. आजी ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, तुजा मन आज हितं नाय." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चाललीस, बरा हाय. आमी कुठं जानार? आमाला परवा परत यायचाच हाय."

मला त्यांचा राग आला, मग माझा, आणि तिथून थेट तुमचा. हे टोकापर्यंत पोचवायचं वेड तुम्ही माझ्यात भरून ठेवलंत, न विचारता. दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. एकेका पेशंटच्या हाताचं चित्र काढलं, शीर कुठून वळते, कोणाला सुई लावताना बोललेलं आवडत नाही, कोणाचं प्रेशर तिसऱ्या तासाला पडतं, सगळं लिहिलं. माझ्या जागी महाडहून एक गृहस्थ आले होते, माझ्याहून मोठे, त्यांना रोज शेजारी उभं करून ते हात चाचपायला लावले. मॅनेजरनी वही उचलून बघितली. "हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही. आणि हे तुमच्यासाठी नाही."

प्रेमाबिमाने केलं असं समजू नका. दात ओठ खात केलं. घरी येऊन भांडी आपटायचे. शेवटच्या दिवशी आजींना सुई त्या गृहस्थांनी लावली. मी हात मागे बांधून उभी. सुई बरोबर गेली. आजी खूश होऊन म्हणाल्या, "याचा बी हात हलका हाय." मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. मॅनेजर मीटिंगमध्ये होते.

हे सगळं लिहून आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. दाखवणार नाही. ऑपरेशनच्या त्या सकाळी आई आदल्या दिवसापासून दवाखान्यात, मावशी तिच्याजवळ, घरात आपण दोघंच. तुम्ही सायकल धरून दारात थांबला होतात. मला विचारलंत, "मी थांबू का? तू सांग." आणि मी म्हणाले, "जा तुम्ही, मी आहे ना." मला वाटलं होतं, तरीही थांबाल. आई आजही समजते की तुम्ही न विचारताच गेलात. मी तिला कधी खरं सांगितलं नाही.