रिकाम्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आलं एकदाचं ते भांडं — मासे ठेवतात तसलं, गोल, काचेचं. लघवीची तपासणी स्वच्छ आली की माणसानं त्यातून चिठ्ठी काढायची. कुणाला मोजे, कुणाला किराण्याचं कुपन, एका चिठ्ठीवर चक्क टीव्ही. निम्म्या चिठ्ठ्यांवर मात्र नुसतं 'शाब्बास'. बक्षीस काही नाही.

गारलंड आमचा सगळ्यात जुना समुपदेशक. मला म्हणाला, "डोरीन, नशा सोडायला लाच? उद्या दात घासले म्हणून पगार दे." हसू आलं. पण मेथ नावाच्या या नशेवर औषधाची गोळी नाही, आणि अभ्यास करणारे सांगतात, हेच लागू पडतं. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सगळ्या केंद्रांत आता हेच, अगदी नियमाबरहुकूम. काढलेली चिठ्ठी परत भांड्यात. राज्य सरकारच्या तपासनीस बाई येऊन मोजणार.

१० फेब्रुवारी

रॉस्को टॅकेट आला. छपरं घालायचा पूर्वी. आमच्याकडून किती वेळा पळाला, गणती नाही. डॉक्टरांनी या खेपेला साफ सांगितलंय — हृदय थकलंय, पुन्हा मेथ ओढलीस तर उठणार नाहीस.

तपासणी स्वच्छ. चिठ्ठी निघाली — शाब्बास. वाटलं, चिडेल. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"हे मला?"

"तुलाच."

४ मार्च

अजून येतोय! तपासण्या ओळीनं स्वच्छ येत गेल्या की चिठ्ठ्या वाढतात. आता मूठभर काढतो. "बाई, मोजे खूप झाले, आता पाय द्या." त्याला विनोद करताना पहिल्यांदाच पाहिलं. बरं वाटलं.

१९ मार्च

राज्याच्या रामोनाबाई आल्या. भांडं टेबलावर ओतून मोजलं. बक्षिसाच्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे. 'शाब्बास'च्या कमी!

"रिकाम्या चिठ्ठ्या कोण चोरतं हो?"

 त्या कमी म्हणजे बक्षिसं प्रमाणाबाहेर जातात. पुढच्या वेळी असंच दिसलं तर भांडं बंद, म्हणाल्या. मग रॉस्कोचं काय?

२ एप्रिल

रॉस्को घसरला. तपासणीत मेथ दिसली; जिवावर बेतलं नाही, एवढंच नशीब. आज चिठ्ठी नाही, पुढच्या वेळी पुन्हा एकापासून — मी सांगितलं, तो मान खाली घालून गेला. आता हा परत यायचा नाही. गारलंडनं एकही टोमणा मारला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

९ एप्रिल

आला! आपल्या पायानं आला. हातात कॉफीचा डबा, डब्यात चिठ्ठ्या. सगळ्या 'शाब्बास'.

"फ्रिजवर लावल्या होत्या, बाई. चोरल्या म्हणा. आमच्या घरात 'शाब्बास' कुणी कुणाला म्हणत नव्हतं. आता त्या ठेवायला तोंड राहिलं नाही."

तपासणी केली. स्वच्छ. त्याला एकच चिठ्ठी मिळाली आणि तीही 'शाब्बास'च निघाली. परत टाकायला लागला तसा मी भांड्यावर हात ठेवला. "ती घरी ने. मी दुसरी लिहीन. भांड्यात भरती पुरी असली की झालं."

त्याचे डोळे भरले, माझेही. घसरला की गायब होणारा माणूस घसरूनही परत आला. देवाचे आभार मानले, आणि त्या अभ्यास करणाऱ्यांचेही. कुठल्या गावचे कोण, कधी भेटणारसुद्धा नाहीत.

१० एप्रिल

रॉस्कोच्या डब्यातल्या धरून पुन्हा मोजल्या. अजूनही कमीच — बऱ्याच.

एक गारलंडच्या टेबलावरच्या दिव्याला चिकटवलेली दिसली. बाकीच्या कुणाकुणाच्या घरी आहेत, विचारणार नाही. नव्या लिहायला बसले आहे.