मागून आणलेल्या पेशी

बाई, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आज चिडायला मला दुसरं कुणी सापडेना म्हणून तुम्हालाच लिहितोय. आपला पेपर मागे घ्यायचा आहे. तोच, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या औषधाचा. पहिलं नाव माझं, शेवटचं तुमचं. माझे बाकीचे पेपर कुणी वाचत नाही. कुठे भाषणाला बोलावलं की ओळख करून देणारा याचंच नाव घेतो, शेकडो संशोधकांनी याचा आधार घेतला म्हणतो, आणि मी उगाच लाजल्यासारखं करतो. त्या सायटेशनचा, म्हणजे किती जणांनी दाखला दिला त्याचा, आकडा मी रोज सकाळी चहाआधी बघतो. घरात दुसरं कुणी विचारपूस करणारं नाही.

नांदेडला नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे टेबल होतं, प्रयोगाला लागणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. लातूरच्या तुमच्या प्रयोगशाळेतून तुम्ही एक बाटली भरून दिलीत. "विकत कशाला घेतोस रे? माझ्याकडं लई वाढून राहिल्यात, घेऊन जा." शेजारणीकडून विरजण आणावं तशा आपल्याकडे पेशी इथून तिथे जातात, आणि देणारीला कुणी "तपासलंय का?" असं विचारत नाही. थंडीचे दिवस. बाटली स्वेटरच्या आत पोटाशी धरून मी एसटीत बसलोय. कंडक्टर विचारतो, "काय हाय त्यात?" मी खरं तेच सांगतो, कॅन्सर हाय. अहमदपूर येईस्तोवर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. फोनवर हे ऐकून तुम्ही हसून हसून खोकायला लागलात.

पेपर छापून आला, गाजला. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही ओट्याशी चुरमुऱ्यांचा सुशीला परतताय, हाताला हळद, आणि मी मागे उभा राहून कुणीकुणी आपला दाखला दिला ते वाचून दाखवतोय. तुम्ही गॅस बारीक केलात. "दाखला दिला ते राहू दे. प्रयोग करून किती जणांनी बघितलं?" असा राग आला मला! दोन शब्द कौतुकाचे बोलला असता तर काय बिघडलं असतं? खाऊन निघालो. पोचलास की फोन कर, म्हणालात. मी केला नाही.

करून बघितलं एकीने, यंदा. दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या मुलीने फार आदबीने लिहिलं, की तोंडाच्या पेशींवर तुमचं औषध आमच्याकडे चालत नाही, आमचंच काही चुकतंय का? तिचंच चुकत असणार, असं मी दोन महिने धरून चाललो. शेवटी आपल्या पेशी तपासायला पाठवल्या. त्या तोंडाच्या नव्हत्याच, बाई. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, सगळ्याच प्रयोगशाळांत असणाऱ्या त्या बेफाम वाढणाऱ्या पेशी कधीतरी कुणाच्या हातून बाटलीत शिरल्या आणि मूळच्यांना हुसकून बसल्या. इथल्या दवाखान्यात तोंड उघडत नाही म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाणारी माणसं रांगेत बसलेली असतात. त्यांच्यासाठी म्हणून कुणीकुणी या पेपरवर आपली वर्षं घालवली असतील.

पेपर छापलेल्या मासिकाला पत्र लिहायला बसलो. चूक कशी झाली, ते सांगावं लागतं. "पेशी माझ्या दिवंगत मार्गदर्शकांकडून मिळाल्या होत्या," असं लिहिलं. खोटं काही नव्हतं त्यात. विभागातले सगळेही तेच म्हणाले, "तुमची काय चूक, सर? बाईंनी दिल्या, तुम्ही घेतल्या." मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. दोन दिवस ते वाक्य तसंच राहू दिलं. आज दुपारी काढून टाकलं, त्या जागी "पेशी मी तपासल्या नव्हत्या" एवढंच लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. उद्या सकाळी चहाआधी काय करायचं, ठाऊक नाही. फार एकटं वाटतंय.

हे तुमचं पत्र मात्र कुठंच जायचं नाही, म्हणून सांगतो. पेपर छापायला पाठवायच्या आदल्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. "त्या बाटल्यांना माझ्याकडं लई जणांचे हात लागलेत. तपासून घेतल्यास ना रे?" मी हो म्हणालो. तुम्ही बरं म्हणालात, आणि सही करून दिलीत.