पिवळ्या घरातल्या तीन जागा

३१ मार्च, मंगळवार

पुढच्या वर्षी राहायला कॉलेजचं पिवळं घर आम्हाला लागलं!! सोडतीत पहिला नंबर. डॉट जेवणघरात ट्रे हातात असताना किंचाळली, तिचं सूप माझ्या बुटांवर. आठशे पोरांचं कॉलेज, बातमी लगेच पसरते — दुपारी भूगर्भशास्त्राच्या सरांनी वर्गात माझं अभिनंदन केलं आणि ओव्हन चांगला आहे म्हणाले.

अख्खं घर! स्वतःचं स्वयंपाकघर, ओसरीवर झोपाळा, डोक्यावर कुणी बूट घालून नाचणारं नाही.

अडचण एकच. आम्ही चौघी — डॉट, लिनेया, जॉस आणि मी. घरात जागा तीन. अर्ज भरताना हे माहीत होतं. पण नंबर लागेल असं कुणाच्या स्वप्नात तरी होतं का!

१ एप्रिल

त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. चौघींनी वॉफल खाल्ले आणि पडद्यांच्या रंगावर पाऊण तास चर्चा केली. हिरवे ठरले.

२ एप्रिल

जी उरेल तिला कॉलेज टाकेल तिथे जावं लागणार. म्हणजे मैदानापलीकडची जुनी इमारत, एकटीची खोली, आजूबाजूला सगळे पहिल्या वर्षाचे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ओमाहाला शाळेत चार वर्षं मी एकटी जेवले. लायब्ररीत, नकाशांच्या कपाटामागे. तिथे खायला बंदी होती, म्हणून सँडविच आवाज न करता चावायला शिकले. इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लिनेया माझ्यासमोर ट्रे आपटून बसली. "ती काकडी खाणारेस की नुसती बघणारेस?" तेव्हापासून मी एकदाही एकटी जेवलेले नाही. दीड वर्ष झालं.

मला ते परत नको आहे. बाकी काही म्हणणं नाही.

४ एप्रिल, शनिवार

काल गोठ्यात नाच होता. (गाई नाहीत. १९६० पासून नाहीत. तरी वास आहे.) जॉस बँजो वाजवत होती. नाच संपला, दिवे लागले, लोक घरी गेले, जॉस वाजवत होती.

जॉसविरुद्ध माझं काहीही नाही. ती बेसिनमध्ये केस सोडते. माझा टॉवेल स्वतःचा समजते. सफरचंद बियांसकट खाते, तेही बोलता बोलता. आणि बँजो. पण माझं तिच्याविरुद्ध खरंच काही नाही.

५ एप्रिल, ईस्टर

जेवणात हॅम. अननसासकट. देव करो आणि पुढच्या वर्षी आमचं आम्ही रांधू.

नंतर लिनेयाबरोबर तळ्यावर गेले. दोन दिवस वाक्य घोकलं होतं. म्हटलं, "जॉसला एकटीची खोली जास्त मानवेल, नाही का? म्हणजे बँजोसाठी."

लिनेया बदकांकडे बघत होती. "तुला असं वाटतं?"

"मला नाही गं! तिच्याच भल्यासाठी म्हणते."

"हं. बघते."

लिनेया मिनेसोटाची. त्यांच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, पण मी तिला ओळखते. तिचं 'बघते' म्हणजे होच. येताना मी एवढी हलकी झाले होते की बदकांना अख्खा बन घातला.

७ एप्रिल

जॉस आज माझ्याशी भलतीच गोड वागली. स्वतःची ब्राउनी माझ्या ताटात ठेवली. "घे गं, तुला आवडते ना." बिचारीला काही कल्पना नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्राउनी खाल्ली.

डॉट म्हणाली, "गुरुवारी चारला नीट बसू या. रीतसर." डॉटचं घराणं क्वेकर पंथाचं, कॉलेजही क्वेकरांचंच. त्यामुळे रीतसर म्हणजे काय हे सांगायला नको. मतदान नाही. हात वर करणं नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं, ज्याला आतून काही सुचेल त्यानं बोलायचं, मग पुन्हा गप्प. सगळ्यांचं एक होईपर्यंत. मागच्या सहामाहीत जेवणघरातून साखरेचं सीरिअल काढायचं की ठेवायचं यावर अख्खं कॉलेज सात आठवडे असं बसलं. शेवटी एमेट नावाचा एकटाच मुलगा अडून राहिला होता. तो उठला आणि म्हणाला, "मी बाजूला होतो." ते वहीत लिहिलं गेलं. संपलं. लिहिलेलं कुणी उकरून काढत नाही. एमेट हल्ली कोरडा टोस्ट खातो.

९ एप्रिल, गुरुवार

मी गाढव आहे.

क्रमानं लिहिते. चार वाजता खालच्या बैठकीच्या खोलीत बसलो. डॉटकडे वही. मध्ये ओटच्या बिस्किटांची बशी, तिला कुणी हात लावेना. डॉट म्हणाली, "तीन जागा आहेत. आपण शांत बसू." डोळे मिटले.

वीस मिनिटं काही नाही. हीटर ठकठक करत होता. मला वाटलं, आता लिनेया बोलेल. बँजोबद्दल हळुवार काहीतरी. ती बोलेना. जॉसही मूग गिळून बसली होती. पाऊण तास झाला. माझा पाय झोपला, नाकाला खाज सुटली. तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. आपणच मोठेपणा दाखवायचा. मग बाकीच्या "छे छे, तू कशी जाशील!" म्हणून अंगावर येतील, जॉसला लाज वाटेल, ती म्हणेल मी जाते. आमच्या घरी मक्याच्या पावाचा शेवटचा तुकडा अशाच पद्धतीनं आजीकडून माझ्याकडे येतो. कधी चुकलेलं नाही.

म्हणाले, "मला वाटतं, मी बाजूला होते."

आणि गप्प राहिले. आणि बाकीच्याही गप्प राहिल्या! कुणी अंगावर आलं नाही. बोलण्याला मान द्यायचा म्हणून मिनिटभर शांतता पाळली त्यांनी. मी डोळे किलकिले करून पाहिलं. डॉट लिहीत होती. तिनं वाचून दाखवलं, "एटा स्वेच्छेनं बाजूला होत आहे. सभा तिची ऋणी आहे." मग तिघींनी मला मिठी मारली. लिनेया रडली. जॉस म्हणाली, "तुझं मन किती मोठं आहे गं."

बिस्किटं आम्ही सगळी संपवली. मी पाच खाल्ली.

१० एप्रिल

तोंड उघडून सांगावं का, की मला तसं म्हणायचं नव्हतं? सकाळी दात घासताना आरशासमोर म्हणून पाहिलं. "मी सहज म्हटलं होतं." सभेत सहज! काल ज्यांनी मिठ्या मारल्या त्यांना आज काय सांगू, की मी नाटक करत होते?

दुपारी तिघी घराच्या खिडक्या मोजायला गेल्या. मला म्हणाल्या, "तू पण चल ना!" मी टेप धरली. खिडकी बेचाळीस इंच.

११ एप्रिल

सगळं कॉलेज मला धन्यवाद देतंय. ज्यांची नावं मला माहीत नाहीत ते दारं उघडून धरतात. सूप वाढणाऱ्या बाईनं जास्तीचं मांस घातलं. "ऐकलं हो मी. फार चांगली मुलगी आहेस."

एमेट भेटला. टोस्ट खात होता. म्हणाला, "सवय होते."

१२ एप्रिल

जेवताना त्यांनी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. मी बसल्यावर बोलणं थांबलं, मग डॉटनं हवामान काढलं. ओहायोचं हवामान, एप्रिलमध्ये, वीस मिनिटं.

मला फार वाईट वाटतंय. कुणाला सांगू? एरवी लिनेयालाच सांगते मी सगळं.

१३ एप्रिल

रागावू तरी कुणावर! माझंच शहाणपण माझ्या अंगाशी आलं. त्यांनी मी म्हटलं ते खरं मानलं, यात त्यांचा काय दोष? जॉसला घालवायला निघाले होते, तेव्हा हे बरंच झालं म्हणायचं. लिनेयाजवळ तसं बोलायला नको होतं. उद्या ऑफिसात जाऊन घराच्या अर्जावरचं माझं नाव काढून येते, मग तिघींना खरंखुरं अभिनंदन म्हणणार. ठरलं.

१४ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात प्रुइट बाईंनी फाईल काढली. "बरं झालं आलीस बाळा, तुझ्या सहीवाचून यांचा अर्ज आठवडाभर अडकलाय." तिघींचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. तीन सह्या. पहिली लिनेयाची. वर ऑफिसचा शिक्का — ६ एप्रिल, सोमवार, सकाळी साडेनऊ.

बाई म्हणाल्या, "पेन चालत नाहीये का?" चालत होतं. सही केली.

सभा नऊ तारखेला होती. पाऊण तास तिघी डोळे मिटून बसल्या होत्या, मी बोलायची वाट बघत.