आम्ही की आपण

बाबा, टीव्हीवरच्या भाषणाचं मराठी करून तुम्ही आबांना सांगत होतात, त्याबद्दल मला लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई आणि मी तुमच्याबद्दल बोलतो ते बहुतेक कामापुरतं असतं, विम्याचं काय झालं होतं, गॅरेजमधली जुनी हत्यारं कोणाला द्यायची, असं. हा विषय त्यात बसत नाही. लिहिताना मला प्रत्यक्ष आठवतं काय आणि नंतर समजलं काय, हे वेगळं ठेवायचा माझा प्रयत्न आहे. सगळीकडे ते जमेलच असं नाही.

आठवतं ते असं. जानेवारी आहे आणि डेट्रॉइटजवळच्या आपल्या ट्रॉयमध्ये इतकी थंडी पडली आहे की शाळेला सुट्टी दिली आहे. तुमची लॅबही बंद आहे, पण थंडीमुळे नाही. गाड्या विकल्या जात नाहीत म्हणून कारखाने बंद, म्हणून कारखान्यांना सुटे भाग देणारी तुमची कंपनी बंद, आणि म्हणून ते भाग यंत्रावर थरथरवून कधी तुटतात हे बघणारी तुमची लॅबही बंद. ही साखळी तुम्हीच मला जेवताना समजावून सांगितली होती. तिची शेवटची कडी तुम्ही सांगितली नाहीत, ती मला शाळेतल्या मैत्रिणीकडून कळली. नोकरी गेली की व्हिसा जातो, ग्रीन कार्डचा अर्जही जातो आणि घर आवरून देश सोडावा लागतो. मी आठवीत होते. आईने त्या वर्षी खिडक्यांना पडदे घेतले नव्हते, चादरी लावल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

त्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होता. ह्या देशाचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष. तो बघायला तुमचे लॅबमधले साहेब आपल्याकडे आले. त्यांची पत्नी वारली होती, मुलं दूर होती, आणि तुम्ही त्यांना फोनवर म्हणाला होतात, "आज एकटे बसू नका, घरी या." ते स्वतः कृष्णवर्णीय, डेट्रॉइटमध्ये वाढलेले. दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगात गडद निळा सूट आणि टाय होता, हातात संत्र्यांची पिशवी होती. आपल्या चपला-बूट बाहेर बघून त्यांनी न सांगता बूट काढले आणि मोज्यांनी आत आले. आबा तेव्हा सहा महिने मुलाकडे राहायला नागपूरहून आले होते. त्यांनी तुम्हाला हळूच विचारलं, "हे कुठे लग्नाला निघालेत का?" तुम्ही म्हणालात, "आबा, आज त्यांच्याकडे लग्नच आहे असं समजा."

शपथ सुरू झाली आणि साहेब सोफ्यावरून उठून उभे राहिले. टीव्हीसमोर, मोज्यांवर, हात खाली सरळ सोडून. मग तुम्ही उभे राहिलात. मग गुडघ्याला हात लावत आबा. आई स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन तशीच थांबली. मी खाली गालिच्यावर बसले होते, मीही उठले. पडद्यावर माणसांचा समुद्र होता, इतक्या थंडीत उभा, आणि त्याच्या टोकाला एक सडपातळ माणूस हात वर करून. मला समारंभ आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मोठ्या आवाजांचा मला संशय येतो. पण त्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं, आणि मला पहिल्यांदा कळलं की एखादी गोष्ट आपल्यापेक्षा मोठी असते म्हणजे काय असते. तेव्हा मी फक्त साहेबांच्या मोज्यांकडे बघत होते. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

मग भाषण. आबांना इंग्रजी पेपर वाचता यायचा, पण इथले उच्चार कानात शिरायचे नाहीत, म्हणून तुम्ही अर्धं वाक्य मागे राहून मराठी करत होतात. बाजार कोसळला, कारखाने बंद पडले, घरं गेली, असं काही ते सांगत होते, आणि प्रत्येक वाक्यात 'वी' होतं. तुम्ही प्रत्येक वेळी 'आम्ही' म्हणत होतात. आम्ही संकटात आहोत, आम्ही पुन्हा उभे राहू. थोड्या वेळाने आबांनी तुम्हाला थांबवलं.

"आम्ही म्हणजे कोण? तो आणि त्याचा पक्ष का?"

"नाही आबा, सगळे. पूर्ण देश."

"मग आपण म्हण ना. इतकी वर्षं बाहेर राहून मराठी विसरलास काय?"

"विसरलो नाही. आपण म्हटलं की मी आत येतो. मला इथे साधं व्होट नाही. उद्या असेन की नाही, ते माहीत नाही."

साहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं की वाद कशावरून चाललाय. तुम्ही संकोचून समजावलंत. आमच्या भाषेत 'वी' दोन आहेत. एक, ज्यात ऐकणारा धरलेला असतो. दुसरं, ज्यात तो बाहेर असतो. बोलण्याआधी निवडावंच लागतं, मधलं काही नाही.

साहेब म्हणाले, "आणि हे कोणतं वापरतायत?"

"इंग्रजीत कळत नाही," तुम्ही म्हणालात. "अंदाज करावा लागतो."

"मी आयुष्यभर तोच अंदाज करत आलोय," साहेब म्हणाले. "माझे आईवडीलही. शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणताना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या यंत्राबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी आवाज परत वाढवला. "आज मोठं 'वी' वापर. तुझ्या वडिलांना मोठं सांग."

त्यानंतर तुम्ही 'आपण' म्हणू लागलात. पहिल्यांदा अडखळलात, मग नाही. आपण संकटात आहोत, आपण पुन्हा उभे राहू. खिडकीला चादर लावलेल्या घरात, सुट्टीवर पाठवलेला माणूस हे म्हणत होता, आणि आबा मान डोलावत होते, कारण व्याकरण आता बरोबर होतं. मी आता बॅटऱ्यांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात व्यवस्थेत काय धरलंय आणि काय नाही, ते आधी ठरवावं लागतं, ती रेघ पुसट राहिली तर पुढचं गणित निरर्थक असतं. एवढ्या मोठ्या देशाने ती रेघ इतकी वर्षं पुसट ठेवली, आणि साहेबांना ती त्या दोन अक्षरी इंग्रजी शब्दात रोज ऐकू येत होती, हे मला जितकं कळत जातं तितकी मी थक्क होते.

त्याच महिन्यात मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, शाळेच्या कॅफेटेरियात. ते हार्टचे डॉक्टर काका तुम्हाला आठवत असतील, इथे सर्वांत आधी आलेले, प्रत्येकाला सल्ला देणारे. गुळाची पोळी खाता खाता ते तुम्हाला म्हणाले, "काय रे, आता त्यांचं राज्य. लेऑफ आला की तुझा बॉस आपल्या माणसांना वाचवणार बघ. तू पहिला कॅन्सल."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "बरोबर आहे काका. आपल्या माणसांना वाचवतील. मी आहेच त्यात."

काकू जोरात हसल्या. "घ्या, तुमच्याच शब्दात अडकवलं तुम्हाला." काका हसले नाहीत. गाडीत आई तुम्हाला म्हणाली की काकांशी असं बोलू नये, त्यांच्या ओळखी असतात. तुम्ही म्हणालात की खरं सांगायचं तर मलाही तीच भीती वाटते, फक्त काकांच्या तोंडून ऐकायची नव्हती. मागे बसून मी हे ऐकलं.

वसंतात राष्ट्राध्यक्षांनी गाड्यांच्या कंपन्यांबद्दल निर्णय सांगितला. ते भाषण तुम्ही दारासमोर गाडीत बसून रेडिओवर ऐकलंत आणि मी तुम्हाला बोलवायला आले, तर तुम्ही शेजारची सीट दाखवलीत. ते म्हणत होते की कंपन्यांच्या योजना पुरेशा नाहीत, त्यांना मुदत देतो, मदत करू पण जुनं तसंच चालू देणार नाही. आवाज कुठेही चढला नाही. मी जिवाचा कान करून ऐकत होते, कारण मी पुढच्या वर्षी कोणत्या शाळेत असेन हे त्या आवाजात कुठेतरी होतं, आणि तसंच ते आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घराचं होतं. इतकं वजन पेलताना माणूस इतका सावकाश कसा बोलू शकतो, ते मला अजून समजलेलं नाही. मीटिंगमध्ये काही बिघडलं की मी आजही तितकं सावकाश बोलायचा प्रयत्न करते. सहसा जमत नाही.

लॅब उघडली, अर्धी. ज्या दिवशी काढायच्या माणसांची नावं ठरली त्या दिवशी तुम्ही घरी येऊन आधी डबा घासलात, ओटा पुसलात, आणि मग आईकडे पाठ ठेवूनच म्हणालात, "राहतोय आपण." आई म्हणाली, "मग शनिवारी पडदे बघू या." एवढंच. नोकरी गेलेल्यांत इथेच जन्मलेली, व्होट असलेली माणसं होती. साहेबांनी त्या नावांवर सही केली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस ते तुमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. मी हे सोपं करून सांगणार नाही. नंतर साहेबांच्या बहिणीचं डेट्रॉइटमधलं घर बँकेने घेतलं. ते आपल्या अंगणात बसून म्हणाले होते, "बँक वाचली. तिचं घर नाही वाचलं." तुम्ही विचारलंत, "मग अजूनही मोठं 'वी' म्हणायचं?" ते म्हणाले, "ते ठरवणं एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात आहे, असं मी कधी म्हटलं?" तुम्ही त्यांना आणखी चहा ओतलात. मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं की त्या सगळ्या काळात मी ऐकलेलं सर्वांत नेमकं वाक्य तेच होतं.

ग्रीन कार्ड आलं आणि नागरिकत्वासाठीची पाच वर्षं भरायच्या आत तुम्ही गेलात. माझी नंतर यथावकाश भरली. मी अर्ज केला नाही. आईला सांगत राहिले की कामातून वेळ मिळत नाही. ह्या वर्षी केला. गेल्या आठवड्यात मुलाखत होती. समोरची ऑफिसर माझ्याच वयाची होती. प्रश्न झाले, उत्तरं बरोबर आली, आणि मग तिने सहज विचारलं की नागरिक होताना नाव बदलायची सोय आहे, हे मधलं नाव लांब आहे, पुष्कळ लोक काढून टाकतात, तुम्हाला काढायचंय का? इथे कोणाला ठाऊक नसतं की आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. ऑफिसात एकाने मला विचारलं होतं की तुझं मधलं नाव पुरुषाचं कसं. मी ऑफिसरला म्हटलं, नको, राहू द्या, बाकीच्या कागदपत्रांशी जुळायला हवं. तिने मान हलवून तसं टाइप केलं.

हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही, म्हणून लिहिते. ऑफिसरला सांगितलं ते खरं कारण नव्हतं.