केपर, नसीमबी आणि माझा खुबा

११ नोव्हें.
जळगावच्या डॉ.नी झापलं. हाड जुळलंय, वॉकर सोडा, नाहीतर तो जन्माचा सोबती. चोपड्याला परतले. पडल्यापासून ओट्याच्या तीन पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरलेले नाही, आजही दोघांनी उचलूनच नेलं-आणलं. पाय नाही, धीर मोडलाय.

१२ नोव्हें.
धुळ्याहून नातीचा, मुक्ताचा फोन. 'आजी, केपर म्हणजे?' म्हटलं, बागडणं, उड्या मारणं. 'पण हा शब्द आला कुठून?' तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे कधी मनातही आलं नाही. लाज वाटली.

१३ नोव्हें.
जाडा शब्दकोश काढला. केपर बहुधा केप्रिओलवरून. ते इटलीकडचं, बकरीची उडी. लॅटिनमध्ये तर केपर म्हणजे बोकडच! आणि मी वर्गात माकडाचं चित्र काढायचे.
समोरच्या नसीमबीला ओट्यावरूनच सांगितलं. नवरा गाद्या भरतो, ही चार बकऱ्या पाळते.
'विंग्रज बी बकऱ्या पाळेत का? मंग शहाना व्हतात त्या.'

१६ नोव्हें.
तिचं पंधरा दिवसांचं करडू तासभर बघत बसले. चारही पाय एकदम वर, हवेतच वळतं, कारण काही नाही. शब्दकोशात अर्थ आहे, ही मजा नाही. मग ते तिच्या ओट्यावरून धाडकन पडलं. मी ओरडले, 'अगं उचल!' नसीमबी भाकरी थापतच राहिली.
'उचली लिधं ते भ्याड व्हई जाई. तिनी माय तिले उचलस का?'
उठलं. अंग झटकलं. परत तिथूनच उडी.
शाळा न शिकलेली बाई. मी तीस वर्षं पोरांना पडूच दिलं नाही, उत्तरं आयती देत गेले. फार मोठी आहे ही बाई.

१९ नोव्हें.
एक पायरी, वॉकरसकट. घाम. परत वर.

२० नोव्हें.
सकाळी नसीमबी आली, चहा प्याली, जाताना वॉकर उचलला.
'तुमना घोडा मी लई जास, बाई. लागना ते या लेवाले.'
म्हणे, लागला तर घ्यायला या! राग आला. हाका मारल्या, वळून बघत नाही. वॉकर समोर तिच्या दाराशी. करडू पुढचे पाय त्याच्या दांडीवर टेकवून माझ्याकडे बघतंय.
भिंत धरून उभी राहिले. चप्पल घातली. आता वही ठेवते.