दांडा ॲरिझोनात, प्रेस मोंटानात

मोंटाना, जानेवारी
(तारीख आमच्या हिला, मर्नाला, विचारली, तर ती म्हणते, थंडी कालचीच आहे, तारीख घेऊन काय करणार?)

जुना मित्र, माजी शेजारी आणि सध्या ॲरिझोनाच्या उन्हात वाळत घातलेला लायल ड्वोराक यास,

डेल्मर हौगेचा, दारापुढचा बर्फ फावड्यानं बाजूला सारून टपालपेटीपर्यंत आणलेला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडच्या कोरड्या हवेनं ते कुरकुरायचे थांबले असतील, तर आमच्याकडून अभिनंदन. नसतील, तर इथं राहून तरी काय बिघडलं असतं? लेक, जावई आणि त्यांचा तो अंगावर केस नसलेला कुत्रा सगळे खुशाल असोत. तुमच्या त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत बंदुकीची दारू घरात ठेवायला बंदी आहे असं तू नाताळच्या कार्डात लिहिलंस, ते वाचून मर्नाचे डोळे भरून आले. (माझे नाही. मला शेगडीच्या धुराचा त्रास आहे, हे तुला ठाऊक आहे.)

पत्र लिहिण्यास कारण एवढंच, की आपल्या त्या वादात तुझं चुकलं आणि माझं बरोबर ठरलं, हे तुला कळावं. दुसरं काही कारण नाही.

वाद कोणता, हे विसरला असशील तर आठवण करून देतो, माझ्याकडे वेळच वेळ आहे. तू ट्रकमध्ये सामान भरत होतास आणि मी मदत करायच्या नावाखाली मध्ये मध्ये येत होतो. मी म्हटलं, तू चाललास ते एका परीनं बरंच झालं; आता मी आपलं ते रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं एकेरी प्रेस सोडतो आणि पाच घरांचं फिरतं प्रेस घेतो. एकेरीवर एका काडतुसाला पाच वेळा हात लावायचा, या नव्यावर दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार होऊन टोपलीत पडतं, म्हणजे दोघांचं काम एकटा करतो. त्यावर तू म्हणालास, ‘‘घाई कसली आहे रे तुला? लवकर उरकून करणार काय आहेस?’’ हे मला लागलं. मग शब्दानं शब्द वाढला आणि एकेरी प्रेसची वाटणी निघाली. तळघर माझं, म्हणून सांगाडा माझ्याकडे. पण चाळीस हिवाळे दांडा तूच ओढलास (मी पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवायचो आणि दारू मापायचो, तेही काम काही कमी नाही), म्हणून दांडा तुझा. आणि तू खरोखरच तो पान्यानं फिरवून काढलास, लोकरी मोज्यात गुंडाळलास आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधलास! मर्ना दारातून म्हणाली, ‘‘सत्तरी ओलांडलेली गाढवं आहात दोघंही.’’ तिचं खरं होतं. (सत्तरीचं.)

तर मी प्रेस घ्यायला निघालो. आपल्या गावात माणूस लुथरन की कॅथलिक हे नंतर विचारतात, प्रेस लाल कंपनीचं की निळ्या कंपनीचं हे आधी विचारतात. आपलं जुनं हिरवं होतं, म्हणून आपण दोघं आजवर कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतो आणि बर्निसच्या खानावळीत कुठल्याही टेबलावर बसू शकत होतो. मी भाबडेपणानं तिथं नुसतं एवढंच विचारलं, की कोणतं घेऊ. अरे बाबा! हार्लन ओक्सनं (लाल) बशीत केचपनं चित्र काढून दाखवलं, की लाल प्रेसवरची पुंगळ्यांची थाळी दांडा ओढला की आपोआप फिरते आणि निळ्यांची हातानं फिरवावी लागते. मागून कुणी तरी ओरडलं, की ते जुन्या निळ्यांचं, आता तसं नाही. मग दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. शेवटी पाद्री टॉलेफ्स्रुड माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात म्हणाले, ‘‘डेल्मर, निळं घे. शांत झोप लागेल.’’ मी गोंधळून घरी आलो. मर्ना म्हणाली, तळघराचे पडदे निळे आहेत. निकाल लागला. तेव्हापासून हार्लन मला केचप देत नाही. मागितलं तर बर्निसच्या हातून पाठवतो.

खोकं आलं. आत एक जाडजूड पुस्तिका होती. उभा जन्म लोकांचे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला पुस्तिका वाचायची काय गरज? मी ती शेगडीखाली सारली आणि जोडणी केली. एक स्प्रिंग आणि एक वॉशर उरला. मर्नानं विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, जादाचं देतात. ती म्हणाली, ‘‘आजवर तुला कुणी काही जादाचं दिलंय?’’ मी पुस्तिका बाहेर काढली. (कडा जरा करपल्या होत्या, पण आकृत्या शाबूत होत्या.)

पुढची अडचण अशी की आपलं ते जुनं लाकडी बाक या यंत्राला पुरेना. दांडा ओढला की बाक डुलायचं आणि वर स्वयंपाकघरात कपाटातल्या बश्या नाचायच्या. यंत्र हललं की दारूचं माप हलतं, आणि माप हललं तर काय होतं ते तुला सांगायला नको. म्हणजे पक्की बैठक हवी. तळघरात हलवता न येणारी एकच वस्तू होती, मर्नाचा डीप फ्रीजर. त्यात अर्ध्या एल्क हरणाचं मांस भरलेलं, म्हणजे जागचा हलणं अशक्य. मी त्यावर जाड फळी टाकली, फळीवरून फ्रीजरच्या खाली लोखंडी पट्टी फिरवली आणि टोकं वेल्ड करून टाकली. (वेल्डिंगचा हात अजून तस्साच आहे, तू पाहायला हवं होतंस.) बश्या थांबल्या. माप स्थिर झालं. मी इतका खूश झालो, की वर जाऊन मर्नाला म्हटलं, चल, बघायला चल. तिनं पाहिलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘आता हा उघडायचा कसा?’’

थँक्सगिव्हिंगची टर्की आत होती.

मर्नानं मला दोन वाटा दिल्या: एक तर प्रेस काढ, नाही तर ट्यूनाचे डबे उघड. दारूचं माप मी त्याच सकाळी मोठ्या मुश्किलीनं जुळवलं होतं. मी डबे उघडले. पाद्री टॉलेफ्स्रुड सहकुटुंब जेवायला येणार होते. मर्नानं ट्यूना, नूडल्स आणि मशरूमचं सूप एकत्र करून भट्टीत लावलं आणि निदान वरून तरी सण दिसावा म्हणून तळघरातल्या फडताळावरच्या बरणीतला अक्रोडाचा भरडा त्यावर पेरला. तो भरडा टरफलांचा होता. पुंगळ्या घासायला आणलेला, नवाकोरा, पण टरफलांचा. बरणीवर ‘अक्रोड’ अशी चिठ्ठी मीच लावली होती, आणि मी अजूनही म्हणतो, की त्यात खोटं काय लिहिलं होतं? पाद्रीबाबांच्या दाढेवरची टोपी पहिल्याच घासाला निघाली. मोठ्या मनाचा माणूस, एक शब्द वाईट बोलला नाही. कोट चढवता चढवता, आपल्या पुंगळ्यांसाठी म्हणून, भरडा कुठल्या दुकानातला आहे, तेवढं मात्र विचारून गेला. मर्ना माझ्याशी पुढच्या रविवारपर्यंत बोलली नाही.

आता खुद्द कामाचं सांगतो. या प्रेसची थाळी फिरते आणि तिच्यावर एकाच वेळी पाच पुंगळ्या उभ्या असतात: पहिलीची जुनी टोपी निघून नवी बसतेय, दुसरीत दारू पडतेय, तिसरीत पडली की नाही ते बघायचं, चौथीवर गोळी बसतेय, पाचवीचं तोंड आवळलं जातंय. हे सगळं एका ओढीत होतं. दांडा उजव्या हाताचा, गोळी ठेवायला डावा हात, आणि बघायचं मात्र पाच ठिकाणी. देवानं मला डोळे दोनच दिले, त्यातल्या एकात मोतीबिंदू. एकेरीवर आपण कसे करायचो, आठवतं? मी दारू घालायचो, तू बॅटरी घेऊन एकेका पुंगळीत डोकवायचास आणि ‘‘आहे’’ म्हणायचास. मला त्या ‘‘आहे’’चा किती वैताग यायचा! आता मी थाळीपाशी बसतो आणि स्वतःच ‘‘आहे’’ म्हणतो. पण स्वतःच्या ‘‘आहे’’वर माणूस किती विश्वास ठेवणार?

ठेवला, तिथंच घोटाळा झाला. नेमबाजी क्लबातल्या शनिवारच्या स्पर्धेत मी नवी काडतुसं घेऊन ऐटीत उभा राहिलो, सगळे लाल एका बाजूला, सगळे निळे माझ्या मागे. पहिल्या गोळ्या ठणाठण लोखंडी चकतीवर बसल्या. मग पुढचा बार. बार कसला, सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज आला, पुस्स! दारूविना काडतूस, लायल. गोळी नळीतच अडकून बसली. मी तिथंच हात थांबवला, बंदूक रिकामी करून खाली ठेवली. (पुढचा बार काढला असता तर नळीच फुटली असती; हे मी नीट केलं, एवढं श्रेय मला दे.) हार्लन ओक्सनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि त्याचं पाहून सगळ्या लालांनी काढली. निळे हळूहळू माझ्या मागून सरकून दूर जाऊन उभे राहिले. पाद्रीसुद्धा! ती गोळी नळीतून बाहेर काढता काढता मला एकच वाटत होतं, की तू असतास तर तू सगळ्यांत मोठ्यानं हसला असतास. आणि मग लगेच पुढं येऊन नळी धरली असतीस.

पण मी हार मानणारा नाही. मी बॅटरीचा एक दिवा यंत्रावरच बसवला, आरसा लावला, मन लावून शिकलो आणि आता माझं एकही काडतूस रिकामं निघत नाही. इथं तुझं चुकलं, बघ. मात्र झालं असं, की जो साठा करायला आपल्याला अख्खा हिवाळा पुरायचा नाही, तो मर्नाचं वाटाण्याचं सूप शिजायच्या आत तयार झाला. मी वर जाऊन म्हटलं, झालं. ती म्हणाली, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, हिवाळा. मग दुसऱ्या दिवशी आणखी केली. काडतुसं कॉफीच्या डब्यांत भरली, डबे संपले तेव्हा रबरी बुटांत, मग पियानोच्या स्टुलात. बाहेर सगळं गोठलेलं, मैदानावर कंबरभर बर्फ, आणि काडतुसं उडवायला बरोबर कुणी नाही.

यापुढचं बर्निसच्या खानावळीत कुणाला कळता कामा नये. मी दुपारी काडतुसं मोडायला लागलो. म्हणजे त्या हातोडीसारख्या अवजारानं ठोकून गोळी वेगळी, दारू वेगळी, पुंगळी वेगळी. आणि सकाळी तीच पुन्हा भरायला घ्यायची. मर्ना कपडे धुवायला खाली आली आणि पायरीवरच थांबली. ‘‘सकाळी केलीस तीच मोडतोयस?’’ मी म्हटलं, तपासतोय. तिनं कपड्यांची टोपली खाली ठेवली, तुझी ती फाटक्या गादीची खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला बसली. बिचारीनं बॅटरी हातात घेतली आणि एका पुंगळीत डोकावून म्हणाली, ‘‘आहे.’’ पण काम करताना तू सांगायचास ती खेचराची गोष्ट तिला येत नाही. ती गोष्ट काडतुसांच्या एका डब्याला पुरायची, आणि खेचर नदीत उतरेपर्यंत सगळ्या पुंगळ्यांत टोप्या बसलेल्या असायच्या. लायल, मला करमत नाही. (हे वाक्य खोडायचं होतं, पण शाईचं पेन आहे आणि मर्ना म्हणते, खाडाखोड केलेलं पत्र पाठवू नये.)

असो. सारांश, नवं प्रेस उत्तम आहे, निर्णय माझाच योग्य होता, आणि तू तिकडे सुखी आहेस ही आनंदाची गोष्ट. लेकीला आशीर्वाद, त्या कुत्र्याला स्वेटर.

तुझा, वाद जिंकलेला,
डेल्मर

ता.क. जुन्या प्रेसचा सांगाडा दांड्याविना ओकाबोका दिसतो. तुझ्याकडच्या दांड्याचा तुला तसा काही उपयोग नसणार. सहज विचारतोय.

ता.क. २. दांडा पोस्टानं पाठवू नकोस. पोस्टातले लोक फार आदळआपट करतात आणि त्याचे आटे नाजूक आहेत. तू स्वतः हातानं घेऊन आलास तर बरं. बर्फ वितळेपर्यंत तुला परत जाता येणार नाही, त्याला माझा नाइलाज आहे.

ता.क. ३. (मर्नाच्या अक्षरात) लायल, डेल्मर बर्फ उपसायला गेलाय म्हणून घाईत लिहिते. आटे नाजूक वगैरे काही नाहीत. तू गेलास त्याच आठवड्यात त्यानं तस्साच दांडा घरी बनवला, एकदा लावून पाहिला, ओढला नाही, आणि काढून रंगाच्या डब्यांमागं लपवून ठेवला. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. तेव्हा तुझा दांडा आण किंवा राहू दे, पण तू ये. वरच्या खोलीतला हीटर मी चालू केलाय. आणि येताना चांगली कानस घेऊन ये. टर्की अजून फ्रीजरमध्येच आहे, ती पट्टी तुम्ही दोघं बसून कापा.